पायरी

आमच्या चाळीच्या जिन्यात दुसऱ्या मजल्याच्या वळणावर एक पायरी बाकीच्या पायऱ्यांपेक्षा सव्वा इंच उंच आहे. मी पट्टी लावून मोजलंय. गिरगावातली जुनी चाळ, लाकडी जिना, कधीतरी कुणीतरी कुजलेली फळी बदलताना खाली एक जास्तीची पट्टी घातली असणार आणि मग ती तशीच राहिली. जे इथे जन्मले वाढले त्यांच्या पायाला ती पाठ आहे, आम्ही लहानपणी अंधारात धावत उतरायचो तरी पाय बरोबर तिथे जरा थांबायचा. पाहुणे मात्र हमखास अडखळतात.

गेल्या श्रावणात तिथे समोरच्या खोलीतल्या काकू पडल्या. सोमवार होता, संध्याकाळी देवळात निघाल्या होत्या, हातात बेलाच्या पानांची पिशवी. मनगट मोडलं, सहा आठवडे प्लास्टर. चाळीस वर्षं हा जिना चढउतार केलेली बाई, फक्त आता एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं आणि दुसऱ्याचं व्हायचं होतं. मी भेटायला गेले तर म्हणाल्या, "पायरी चुकले गं मी." ते वाक्य मला लागलं. चूक त्या फळीची होती, आणि बिचाऱ्या काकू ती स्वतःच्या अंगावर घेत होत्या.

आधी पिवळा पट्टा मारून झाला होता, तो दिवाळीपर्यंतही टिकला नाही, पावलांनी आणि झाडूने घासून गेला. जास्त पॉवरचा बल्ब लावून झाला. पण एक दिवस मी मुद्दाम सात वाजता तिथे उभी राहिले, चार वेळा चढले उतरले, आणि तेव्हा लक्षात आलं की बल्ब वरच्या माळ्याला आहे, म्हणजे उतरताना तो आपल्या पाठीमागे असतो आणि आपलीच सावली नेमकी पुढच्या पायरीवर पडते. बल्ब जितका मोठा लावाल तितकी सावली जास्त काळी. म्हणजे उजेड हवा तो खाली, पायाशी, आणि डोळ्यावर न येणारा.

माझ्या ऑफिसात, फोर्टला, एक बाहेर जायचा रस्ता दाखवणारी पाटी आहे, पारदर्शक काचेसारखी, आणि अक्षरं हवेत तरंगल्यासारखी चमकतात. ती काच नसते, ॲक्रिलिक असतं. कडेच्या पट्टीत एलईडी लपवलेले असतात, प्रकाश कडेतून आत शिरतो आणि जिथे कोरलंय तिथेच बाहेर दिसतो. मी रोज तिच्याखालून जात होते आणि कधी मान वर करून बघितलं नव्हतं. त्या आठवड्यात बघितलं आणि ठरवलं की आपल्या जिन्यासाठी अशी एक करायची.

हे चालतं कसं ते मी नीट वाचून काढलं, कारण समजल्याशिवाय मला हात लावता येत नाही. ॲक्रिलिकमधून हवेत यायचं तर प्रकाशाला पृष्ठभागावर जरा सरळ येऊन आदळावं लागतं. तो ४२ अंशांपेक्षा जास्त तिरका आला तर बाहेर पडतच नाही, आरशासारखा पूर्ण आत परततो. आणि गंमत अशी की गुळगुळीत कडेतून जो प्रकाश आत शिरतो तो शिरतानाच इतका वळतो की शीटच्या पुढच्या-मागच्या बाजूंवर त्याला तिरकंच आदळावं लागतं, सुटकाच नाही. आपली फास्ट लोकल कशी मधली स्टेशनं सोडत जाते, फलाटावरच्या माणसाला फक्त वारा लागतो, तसा तो सगळ्या शीटमधून जातो आणि समोरून बघणाऱ्याला काहीच दिसत नाही. जिथे पृष्ठभाग खरबरीत केलाय तिथे त्याला थांबा मिळतो, तो चहूकडे विखुरतो आणि थोडा आपल्या डोळ्यापर्यंत येतो. १८४१ मध्ये जिनिव्हाच्या कोलाडॉन नावाच्या प्राध्यापकाने पाण्याच्या वाकड्या धारेत असाच प्रकाश अडकवून दाखवला होता, धार वळेल तसा प्रकाश वळायचा. आज आपल्या घरात येणारं फायबरचं इंटरनेट त्याच गोष्टीवर चालतं.

शीट आणायला गेले तिथे पहिली चूक झाली. ५ एमएम, क्लिअर, बारा बाय सहा इंच असं सांगितलं, दुकानदाराने दिली, स्वस्त पडली, मी खूश. मला तेव्हा माहीतच नव्हतं की ॲक्रिलिक दोन प्रकारचं येतं. एक कास्ट, म्हणजे दोन काचांच्या मध्ये ओतून घट्ट होऊ दिलेलं, आणि दुसरं एक्स्ट्रूडेड, म्हणजे मशिनमधून शेवयांसारखं दाबून सपाट काढलेलं. दिसायला दोन्ही डिट्टो सारखी. पण लेझरखाली कास्ट पांढरंशुभ्र, दव पडल्यासारखं कोरलं जातं आणि एक्स्ट्रूडेड नुसतं वितळतं, खळगा पडतो पण तो पारदर्शकच राहतो, आणि पारदर्शक खळग्यात प्रकाश थांबणार कसा. माझी पहिली पाटी तशीच झाली, अक्षरं असून नसल्यासारखी. त्यात मी घरी येऊन ती सॅनिटायझरने पुसली. दहा मिनिटांत कापलेल्या कडेपासून आतपर्यंत केसासारख्या बारीक भेगा, शेकड्याने. लेझरने कापताना कडेला ताण राहून जातो आणि अल्कोहोल लागलं की तो असा फुटून बाहेर येतो. तेव्हा कुणी हे वाचून करायला घेतलं तर कास्टच मागा, दुकानात दोनदा विचारा, आणि पुसायला फक्त साबणाचं पाणी आणि मऊ फडकं.

दुसरी शीट कास्ट आणली आणि पहिली पाटी जिथे कोरून घेतली होती त्या गोरेगावच्या इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या गाळ्यात परत गेले. छोटा गाळा, अर्धी जागा मशिननेच खाल्लेली. मशीन चालवणारा मुलगा मूळचा सांगलीकडचा, पंचविशीचा असेल, हात एकदम सफाईदार. मशिनच्या मागे काचेची लांब नळी, तिच्यातून पाणी फिरत राहतं नाहीतर ती तापून तडकेल. त्या नळीत मुख्यतः कार्बन डायऑक्साइड, नायट्रोजन आणि हेलियम असतात, आणि जो किरण निघतो तो १०.६ मायक्रॉन तरंगलांबीचा, डोळ्याला दिसतच नाही. आपल्याला काचेसारखं आरपार दिसणारं ॲक्रिलिक त्या किरणाला मात्र भिंतीसारखं असतं, तो आत शिरतो न शिरतो तोच सगळा शोषला जातो आणि तिथलं ॲक्रिलिक जागच्या जागी वाफ होऊन उडतं.

आणि हा लेझर शोधला कुणी, तर कुमार पटेल यांनी. १९३८ साली बारामतीत जन्मलेले, पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजातून शिकलेले, मग अमेरिकेत बेल लॅब्जमध्ये गेले आणि १९६४ मध्ये त्यांचा कार्बन डायऑक्साइड लेझर जगासमोर आला. मी हे त्या मुलाला सांगितलं. त्याने मशीन पॉज केलं. "बारामती म्हणजे आपली बारामती?" मी म्हटलं हो. तो मशिनकडे बघत राहिला, मग म्हणाला, "चार वर्षं चालवतोय ताई, कुणी बोललं नाही." हे शाळेच्या पुस्तकात का नसावं, मला खरंच कळत नाही. गल्लोगल्ली ट्रॉफ्या, पत्रिका, की-चेन या लेझरवर कापल्या जातात आणि कापणाऱ्या पोरांना हे कुणी सांगितलेलं नसतं.

लेझर चालू झाला की एक गोडसर, नाकात झोंबणारा वास येतो. तो वास मला ओळखीचा वाटत होता आणि खूप वेळाने आठवलं, बाबांची कवळी करायला दिली होती तिथला वास. कवळीची गुलाबी हिरडी याच ॲक्रिलिकची असते. आणि १९४९ मध्ये लंडनला हॅरोल्ड रिडली नावाच्या डॉक्टरांनी मोतीबिंदू काढलेल्या डोळ्यात पहिल्यांदा कृत्रिम भिंग बसवलं तेही याचंच होतं. युद्धात विमानांच्या ॲक्रिलिकच्या काचा फुटून वैमानिकांच्या डोळ्यात कपचे गेले होते आणि डोळा त्या कपच्यांना मुकाट्याने सहन करतोय असं रिडलींना दिसलं होतं. म्हणजे काकूंच्या डोळ्यात जे भिंग बसवलंय त्याची सुरुवात इथूनच झालेली. गाळ्यात त्या वासात उभी असताना मला हे एकदम जवळचं वाटलं.

आता अक्षरं. काय लिहायचं यावर चाळीत आठवडाभर चर्चा झाली. "सावकाश उतरा", "जपून", "पायरी उंच आहे". तिसऱ्या मजल्यावरच्या अण्णांचं म्हणणं होतं की इतकं वाचत बसेल तोच पडेल, एक शब्द ठेव. म्हणून "पायरी". बाजूच्या बिल्डिंगमधल्या एकाने विचारलं, आंबे विकायला काढले का, त्यावर आई त्याला म्हणाली, मे महिन्यात ये, देते.

मराठी अक्षर लेझरवर घालायचं म्हणजे वेगळंच काम आहे. गाळ्यातल्या कोरलमध्ये, म्हणजे डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये, माझी फाईल उघडली तर री तुटलेली, वेलांटी एकीकडे आणि र दुसरीकडे. त्यांच्याकडे तो फॉन्टच नव्हता. फॉन्ट घरीच कर्व्ह करून, म्हणजे अक्षराचं चित्र करून न्यावं लागतं. मी 'मुक्त' नावाचा फॉन्ट घेतला होता, 'एक टाइप' या मुंबईच्याच फॉन्ट करणाऱ्या मंडळींनी केलेला, फुकट मिळतो, आणि त्याची पोटं मोकळी आहेत, प आणि य लांबून वेगळे ओळखू येतात. काकूंच्या डोळ्यांना तेच हवं होतं. कोरायचं मागच्या बाजूने, म्हणून अक्षर उलटं करून द्यायचं, मग पुढची बाजू गुळगुळीत राहते आणि धूळ कोरलेल्या भागात बसत नाही. स्क्रीनवर "पायरी" उलटं बघताना ते आपलं अक्षरच वाटत नव्हतं, शिरोरेषा होती म्हणून वर कुठे आणि खाली कुठे एवढं तरी कळत होतं.

शिरोरेषेनेच मग मला रडवलं. एलईडीची पट्टी मी वरच्या कडेला लावली होती, कारण वरून सागाची पट्टी, तिला खाच, तिच्यात एलईडी आणि त्याच खाचेत शीट अडकवून लोंबती ठेवायची असं सुताराबरोबर ठरलं होतं. दिवा लावला तर शिरोरेषा ट्यूबलाईटसारखी लख्ख आणि खालचं प, य, र सगळं मिणमिणतं. प्रकाश वरून येतोय, वाटेत आडवी जाड शिरोरेषा, तिने आपला वाटा आधीच उचलला, खाली जाईल ते उरलंसुरलं. इंग्रजी अक्षरांना हा प्रश्न येत नाही, ती सुटी सुटी उभी असतात, प्रकाश मधून मधून निघून जातो. आपल्या लिपीला छप्पर आहे. पट्टी खालून लावली असती तर प्रश्न सुटला असता, पण खालून लावायची नाही हे मी का ठरवलं ते पुढे सांगते.

गाळ्यातल्या मुलाला फोटो पाठवला. त्याचा फोन आला, "ताई, वरती घनता कमी करू, खाली वाढवत नेऊ." म्हणजे शिरोरेषा सलग न कोरता विरळ ठिपक्यांची, त्याखाली ठिपके दाट होत जाणार आणि अक्षराचं बूड पूर्ण भरलेलं. मी म्हटलं, हे तुला कसं सुचलं. तर टीव्ही रिपेअरिंगच्या दुकानात आधी काम करायचा. एलसीडीच्या पडद्यामागे ॲक्रिलिकची पाटी असते, कडेला एलईडी, आणि तिच्यावर असेच ठिपके, दिव्यापाशी विरळ, लांब गेलं की दाट, म्हणून तर पडदा सगळीकडे सारखा उजळतो. तिसऱ्या शीटवर आम्ही तसं केलं. दिवसा जवळून बघितलं तर शिरोरेषा रव्यासारखी दिसते आणि वेलांटीची टोकं साबुदाण्याच्या पापडासारखी गच्च पांढरी. रात्री सगळं एकसारखं.

एलईडीचं सामान लॅमिंग्टन रोडवर घेतलं, घरापासून पायी पंधरा मिनिटं. १२ व्होल्टची पट्टी, मीटरला १२० दिवे असलेली, कारण ६० वाली घेतली तर दिवे लांब लांब पडतात आणि कडेजवळ एकेक ठिपका वेगळा दिसतो. रंग वॉर्म. कूल व्हाइट रात्री डोळ्यात टोचतो. पट्टी कुठेही कापायची नाही, तीन तीन दिव्यांनंतर तांब्याच्या खुणा असतात तिथेच, नाहीतर त्या तिघांचं त्रिकूट मरतं. फूटभर लांबी, ३६ दिवे. मीटर लावून बघितलं तर ०.३ अँपिअर, म्हणजे साडेतीन वॉटच्या जरासं वर, संध्याकाळी सहा ते सकाळी सहा चालू ठेवलं तर महिन्याला दीड युनिटच्या आसपास. जिन्याच्या कॉमन मीटरवर हे चालेल का म्हणून बैठक झाली, दीड युनिट ऐकल्यावर दोन मिनिटांत संपली.

भिंतीला मी आधी डबल टेपने चिकटवून बघितली. तर टेपचे चारही चौकोन अक्षरांपेक्षा जास्त चमकायला लागले. ॲक्रिलिकच्या मागे हवाच पाहिजे, चिकट काही टेकलं की प्रकाश तिथून गळतो. म्हणून मग मागे पोकळी सोडून, भिंतीवर काळा रंग मारून, पितळी बोल्टवर पाटी उभी केली.

आणि आता ती खालची कड. सगळीकडे लिहिलेलं असतं की दिव्याच्या समोरच्या कडेला चमकती ॲल्युमिनियमची टेप लावा, म्हणजे तिकडून निसटणारा प्रकाश परत आत येईल आणि अक्षरं उजळतील. बरोबरच आहे ते, बाजूच्या कडांवर प्रकाश तिरका आदळतो म्हणून आतच राहतो, पण समोरच्या कडेवर तो बऱ्यापैकी सरळ येतो आणि बाहेर निघून जातो. मी टेप लावली होती. पाटी पायरीच्या फळीपासून वीतभर वर, बाजूच्या भिंतीवर. संध्याकाळी चाचणी घेताना टेपचं एक टोक सुटून लोंबत होतं आणि तेवढ्या तीन इंचांतून फळीवर उजेड सांडला होता. मी खाली बसले आणि उरलेली टेप ओढून काढली.

पूर्ण फूटभर कडेतून मऊ पिवळा पट्टा पायरीच्या फळीवर पडला. फळीच्या रेषा, खिळ्यांची डोकी, मधे झिजून झालेला खोलगट भाग, सगळं दिसत होतं. आणि जिथे फळी संपते तिथे तो पट्टा कापल्यासारखा तुटत होता, पुढे खाली अंधार. ती उंची, जी मी पट्टीने मोजली होती, ती तिथे नुसती बघून कळत होती. सावलीचाही प्रश्न नाही, उजेड पायाच्या बाजूनेच येतोय. म्हणून दिवे वर आणि मोकळी कड खाली. अक्षरं थोडी मंद झाली. ती मंद राहू देत असं मी ठरवलं.

काकू प्लास्टर निघाल्यावर पहिल्यांदा खाली उतरल्या तेव्हा मी मुद्दाम दारात उभी होते. त्यांनी पाटी वाचलीच नाही. नजर सरळ खाली फळीवर, कठड्यावर हात, उजवा पाय पुढे, उजेड तुटतो तिथे क्षणभर थांबला आणि उतरला. मग वळून माझ्याकडे बघून म्हणाल्या, "काय लिहिलंयस गं त्याच्यावर?"

आता आठ महिने झाले. रविवारी मी पाटी पुसते. कड मोकळी असली तरी पुढच्या बाजूला बोटं लागतात, आणि बोटाचं तेल लागलं की तिथेही प्रकाश अडतो, त्यामुळे आठवड्याभराचे ठसे रात्री अक्षरांच्या मधे चमकतात, सगळे साधारण साताठ वर्षांच्या मुलाच्या हाताच्या उंचीवर. चाळीत त्या वयाची तीन मुलं आहेत. उतरताना प वर हात फिरवायचा असा त्यांचा नियम झालाय वाटतं, कारण प वर सगळ्यात जास्त.

जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात, रात्री साडेनऊला, दारावर थाप. अण्णा. "अगं, पायरी गेलीय."

लाईट गेली म्हणतात तसं म्हणाले. मी टॉर्च घेऊन गेले, पट्टी ठीक होती, ॲडॉप्टर गार पडला होता. दुसऱ्या दिवशी रविवार, लॅमिंग्टन रोड बंद. अण्णा म्हणाले थांब, आणि वरून एक बुटाचा खोका घेऊन आले, त्यात जुने ॲडॉप्टर, वायरींचे गुंते, दोन मेलेले मोबाईल. आम्ही तिघं, मी, आई आणि अण्णा, जिन्यातच बसलो आणि एकेक उलटा करून टॉर्चखाली वाचायला लागलो. ५ व्होल्ट. ९ व्होल्ट. ५ व्होल्ट. ५. काकू दारातून विचारत होत्या, मिळाला का, आणि आई त्यांना सांगत होती, तुम्ही खाली उतरू नका हं आत्ता. तळाशी जुन्या वायफाय राउटरचा एक निघाला, १२ व्होल्ट, १ अँपिअर. पिन आमच्या सॉकेटात बसली.

अण्णांनी चप्पल काढली आणि अनवाणी पायाने उजेड तुटतो तिथे फळीची कड चाचपून बघितली.